क्वार्टर, ग्लास आणि कुत्ता गोळी: व्यसनी कोण, हे आपण कशावरून ठरवतो?

शिफ्ट_बी (धागाकर्ती)

शिंदे गावातल्या एमडीच्या (मेफेड्रोन नावाच्या ड्रगच्या) कारखान्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांची धाड पडली, तेव्हापासून नाशकात ड्रग्जचा विषय कुठेही निघतो. रिक्षात, भिशीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. आणि निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेनंच जातं. अमक्या वस्तीतली पोरं, बापाचा धाक नाही, पोलिसांनी चार फटके दिले की उतरेल सगळं.

मला इथे पोरांपेक्षा आपल्याबद्दल बोलायचंय. एखाद्याला आपण व्यसनी ठरवतो ते नक्की काय बघून? माझं तरी असं मत होत चाललंय की तो काय घेतो, किती घेतो याकडे आपलं लक्षच नसतं. तो कुठे राहतो आणि कुठे बसून घेतो, एवढं बघून आपण मोकळे होतो.

हिशेब मांडते. देशीच्या बाटलीवर '२५ यूपी' छापलेलं असतं, म्हणजे साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल भरतं ७७ मिली. आता साडेबारा टक्क्यांची ७५० मिलीची वाईन घ्या. त्यात ९४ मिली. गंगापूर धरणाकडच्या वाईनरीत दोघांत दोन बाटल्या संपवून आलेलं जोडपं फोटो टाकतं, खाली बदामांचा पाऊस. सातपूरला देशीच्या दुकानातून क्वार्टर मारून निघालेला हेल्पर मात्र दारुडा. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

मी एका कंपनीत एचआरला आहे. कंत्राटी कामगारांना आम्ही गेटवर मशीनमध्ये फुंकायला लावतो. ते बरोबरच आहे, प्रेसवर माणसाचा हात जातो. पण स्टाफची सहल वाईनरीवर जाते, तिथून लोक स्वतः गाडी चालवत परततात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी फुंकायला सांगत नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेली एक देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. त्यात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे असं दिसलं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसले ना कसले उपचार मिळालेले. उरलेले ३७ आपल्याच आजूबाजूला आहेत. इस्त्रीचे कपडे घालतात, ईएमआय भरतात, म्हणून ते आपल्या यादीत बसत नाहीत.

तुमच्या डोक्यातला कुठला समज तुम्हाला तपासावासा वाटला, आणि कशामुळे? उपदेश नको, घडलेलं लिहा.

अंबडवाला

म्हणजे आता बेवड्यांची आरती ओवाळायची का ताई? आमच्या चाळीत एका पोरानं आईचं मंगळसूत्र विकलं एमडीसाठी. त्या माउलीला जाऊन सांगा तुमचा ९४ मिलीचा हिशेब.

आणि माप वेगळं लागणारच ना. बारा हजारांत घर चालवणाऱ्याची क्वार्टर म्हणजे पोराच्या क्लासची फी गेली. वाईनवाल्याच्या घरात दूधवाल्याचं बिल तरी थकतं का?

शिफ्ट_बी

मुद्दा मान्य. त्या घरात झळ लवकर बसते, जास्त बसते. पण तो पगाराचा आणि पैशाचा प्रश्न झाला. आपण त्यावरून माणसाच्या चारित्र्याचा दाखला देऊन टाकतो, माझी तक्रार तिथे आहे. पैसेवाल्याचं लिव्हर काही वेगळ्या मातीचं नसतं.

निफाडची_माई

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

माझे मिस्टर दारूत गेले. द्राक्षाची बाग होती, पैसा बरा होता, त्यामुळे पहिली कित्येक वर्षं त्याला कुणी व्यसन म्हटलंच नाही. छाटणी झाली की बैठक, माल गेला की बैठक. बागायतदार माणूस, पिणारच. एका वर्षी गारपिटीत बाग गेली, कर्ज झालं, तेव्हा तेच लोक म्हणायला लागले की दारूपायी घर बुडवलं. दारू तेवढीच होती.

तुमच्या यादीत एक समज घाला, बायकोबद्दलचा. बाई नीट असती तर माणूस कशाला प्यायला असता, हे मला तोंडावर ऐकवलंय. सासूनं नव्हे, शिकलेल्या नणंदेनं. पुढे तिनंच एक पुडी आणून दिली. भिंतीवर जाहिराती असतात ना, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा', त्यातली. आमटीत घातली. रात्री ते पिऊन आले आणि तासाभरात तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, उलट्या, मग डोळेच फिरवले. गावातल्या जीपमध्ये घालून नेलं. वाचले त्या वेळी.

मला त्यांची दया करा असं कुणी शिकवू नये. मारही खाल्लाय मी. पण फटक्यांनी आणि पुड्यांनी दारू सुटते हे सांगणारे अजून आहेत, म्हणून लिहिलं.

मनाचा_डॉक्टर

माई, लिहिलंत हे फार बरं केलंत. वाचकांसाठी थोडी भर घालतो. पुडीत काय होतं ते आता सांगता येणार नाही, पण लक्षणं डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतल्यावर होतात तशी आहेत. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, मात्र रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायचं. नकळत दिलं आणि वर दारू गेली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

दुसरा घातक समज, 'आजपासून बंद म्हणजे बंद, खोलीत कोंडा'. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, माणूस भ्रमिष्ट होतो. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. हा काळ इस्पितळात काढावा लागतो, बी-१ जीवनसत्त्व आणि काही गोळ्या देऊन.

औषधवाला

मेडिकल चालवतो, सिडकोत. धाग्याच्या नावात कुत्ता गोळी आहे पण अजून कुणी तिच्यावर बोललं नाही, म्हणून मीच बोलतो.

मालेगावचं नाव निघालं की कुत्ता गोळीचं नाव निघतं, आणि लगेच 'त्या लोकांचं तसलंच' हे पुढचं वाक्य. ती गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. माझ्या कपाटात आहे. झोपेसाठी, घबराटीसाठी डॉक्टर लिहून देतात. शेड्यूल एच-१ मध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि रजिस्टरला नोंद ठेवायची.

आता माझ्या काउंटरवर येणारे ऐका. निवृत्त बँक मॅनेजर, तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी, घडीवर फाटलेली. 'अरे तू ओळखतोस ना मला, दे एक पट्टी.' नाही म्हटलं की चिडतात, हात थरथरतो, पुढच्या दुकानात जातात. एका काकूंनी तर माझ्यासमोर मालेगावच्या पोरांची बातमी वाचून हळहळ व्यक्त केली आणि त्याच दमात स्वतःची पट्टी मागितली. गोळी तीच, मिलिग्रॅम तेच. त्या काकूंना कुणी व्यसनी म्हटलं तर मलाच वाईट वाटेल, म्हणजे बघा.

(ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी: एकदम बंद करू नका. हिलाही फिट येते. डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या.)

लासलगावची_लेक

काका, तुमचा काकूंचा किस्सा वाचून आमची आजी आठवली. सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा नाही, डबी हरवली तर घर डोक्यावर घ्यायची. बोहऱ्याकडून, वाण्याकडून कुठूनही आणा पण आणा. तिला आम्ही कधी व्यसनी म्हटलं नाही, 'आजीची मिश्री' म्हणायचो. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यात विडी-सिगारेटपेक्षा खाणारे-लावणारेच कितीतरी जास्त. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, गुटखा कुठे मिळतो ते शाळेतल्या पोरालाही विचारा.

मनाचा_डॉक्टर

याला जोडून. 'एकदा घेतलं की माणूस संपला' असं सगळ्या ड्रग्जबद्दल सरसकट बोलतात. अमेरिकेतली १९९४ ची एक प्रसिद्ध पाहणी आहे. कधीतरी वापर केलेल्यांपैकी पुढे आहारी गेलेले किती? तंबाखू साधारण ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. सगळ्यांत वर तंबाखू. याचा अर्थ हेरॉइन सौम्य असा अजिबात नाही, ते पहिल्याच वेळी जास्त झालं तरी श्वास बंद पडून मरण येतं. पण पोरांना खोटं सांगून घाबरवलं की त्यांचा आपल्या खऱ्या सांगण्यावरही विश्वास उरत नाही. मित्रानं दोनदा गांजा ओढला, तो तर ठणठणीत आहे, मग एमडीबद्दलही हे थापाच मारत असतील, असं त्यांचं गणित होतं.

पंचवटीकर

सगळं ठीक, पण हळूच गांजाला सूट देऊ नका. आमच्या रामकुंडावर काय चालतं ते रोज बघतो. सोल्युशन (पंक्चरचं चिकट द्रावण) हुंगणारी दहा-बारा वर्षांची पोरं आहेत तिथे.

मुंबई_नाका

भाऊ, रामकुंडावर चिलीमही बघत असाल की रोज. २०१५ च्या सिंहस्थात साधुग्राममध्ये चिलमीच्या धुरासमोर हात जोडून रांगा लागल्या होत्या, २०२७ लाही लागतील. तोच गांजा भद्रकालीतल्या पोराच्या खिशात सापडला की बातमी.

पंचवटीकर

साधना आणि नशा यात फरक आहे. साधूंना मध्ये आणायचं काम नाही.

नाशिकरोडचा_वकील

कायद्याला हा फरक माहीत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, म्हणून होळीला भांग चालते. पण चिलमीत शेंडेच असतात, आणि त्या कायद्यात धार्मिक कारणासाठी सूट कुठेच नाही. कुणाला पकडायचं हे ठरवताना जे होतं ते आपण सगळे बघतोच.

अवांतर: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो, आणि कडक दारूला वयाची अट २५ आहे. या धाग्यावरच्या किती जणांकडे परवाना आहे ते विचारत नाही.

पंचवटीकर

श्रद्धेवर घसरायचं असेल तर माझा राम राम.

संपादक मंडळ

साधू आणि चिलीम यावरचे पुढचे सहा प्रतिसाद काढले आहेत. विषयावर राहावे.

फक्त_आजचा

मी दारू सोडून बरीच वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला अजून जातो. तिथलंच एक सांगतो, बाहेर कुणी बोलत नाही.

आमच्यातही उतरंड आहे. दारूवाला गर्दवाल्याला (ब्राउन शुगर ओढणाऱ्याला) खालचा समजतो. गर्द ओढणारा इंजेक्शनवाल्याला. आणि सगळे मिळून सोल्युशनवाल्या पोराला. 'मी प्यायचो, पण पावडरला कधी शिवलो नाही हां', हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. म्हणणारा माणूस गटारात पडून, नोकरी घालवून आलेला असतो. तरी त्याला आपल्या खाली कुणीतरी हवा असतो. मलाही हवा होता. तेवढ्या एका आधारावर मी 'माझं काही एवढं नाही' म्हणत आणखी काही वर्षं प्यायलो.

ज्यांना वाटतं की लाज वाटली की माणूस सुधारतो, त्यांनी ऐका. लाज मला भरपूर वाटायची. सकाळी आईचं तोंड बघवायचं नाही. आणि ती लाज घालवायला माझ्याकडे एकच औषध होतं, ते अकरा वाजता उघडायचं.

घरच्यांनी पहिल्यांदा एका केंद्रात टाकलं. नाव घेत नाही. चौघांनी उचलून गाडीत घातलं, तिथे टक्कल केलं, संडासात पण कडी बाहेरून. सुटलो तो थेट गुत्त्यावर. नंतर पुण्याच्या मुक्तांगणमध्ये गेलो, आपल्या पायांनी. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ते. तिथे समोर बसून बोलणारा माणूस स्वतः यातून गेलेला होता. मी थापा मारायला लागलो की तो हसायचा, कारण त्याच थापा त्यानं मारलेल्या.

अंबडवाला

बरं लिहिलंत. पण एक विचारू? उचलून नेलं नसतं तर गेला असता का तुम्ही?

फक्त_आजचा

नसतो गेलो. आणि उचलून नेलं म्हणून सुधारलो असंही नाही. याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही भाऊ.

मनाचा_डॉक्टर

कायद्याचं उत्तर आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जशी जोडलेल्या आजारांनाही लागू होतो. संमती नसताना भरती करता येते, पण त्याला अटी आहेत, तज्ज्ञांच्या तपासण्या आहेत आणि मुदत आहे. साखळीनं बांधणं पूर्ण बंद. केंद्र नोंदणीकृत आहे का ते विचारा, आणि नातेवाइकांना भेटू देतात का तेही. भेटू देत नसतील तर पेशंट घेऊन निघा.

'पुन्हा प्यायला, म्हणजे फुकट गेलं सगळं' हाही समज काढून टाका. व्यसनातून बाहेर आलेल्यांत साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि बीपी-दम्याचे पेशंटही जवळपास त्याच प्रमाणात पुन्हा बिघडतात. बीपी वाढलं म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही.

त्र्यंबकची_वारी

एवढ्या डॉक्टरांत मी अडाणी बोलतो. आमच्या गावात चौघांची सुटली ती माळ घालून. पौष वारीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला आले, माळ घातली, पुन्हा नाही प्यायले. तुम्ही लोक याला अंधश्रद्धा म्हणाल.

फक्त_आजचा

मी नाही म्हणणार माउली. आमच्या मीटिंगा आणि तुमची दिंडी यात मला फार फरक वाटत नाही. रोजचा नेम, न पिणारी सोबत, आणि चुकला तर विचारणारा कुणीतरी. फक्त जो रोज दोन-तीन क्वार्टरवर आहे त्याला माळ घालायच्या आधी दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी वर लिहिलंय तसं.

त्र्यंबकची_वारी

हे पटलं. आणि खरं सांगायचं तर पाचवा पण होता. त्यानं माळ तोडली. त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही आता.

नाव_नको

दोन रात्री हा धागा वाचतेय. माझा भाऊ २४ वर्षांचा आहे, एमडी घेतो. तीन-तीन रात्री झोपत नाही, वजन उतरलंय, आम्ही त्याच्या मोबाईलमध्ये काहीतरी घातलंय असा त्याला संशय येतो. आईबाबांनी ठरवलंय की लग्न लावून द्यायचं, जबाबदारी पडली की सुधारेल. तुळशीचं लग्न झालं की स्थळं बघायला लागणार. मुलीकडे सांगायचं नाही असंही ठरलंय. मी घरात एकटी विरोधात आहे. काय करू?

अंबडवाला

माझी मतं आहेत तिथेच आहेत, पण हे लग्न होऊ देऊ नको. कुणाच्या तरी पोरीचा जीव आहे.

निफाडची_माई

माझ्याही लग्नाआधी त्यांच्या घरी हेच ठरलं होतं. बाळा, तुला जमत नसेल तर मुलीकडच्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी कळव. घरचे तुझ्याशी वर्षभर बोलणार नाहीत. चालेल.

मनाचा_डॉक्टर

लग्नाचं माईंनी सांगितलंय. मी भावाचं बोलतो. जागरण आणि संशय एकत्र आहेत म्हणजे डॉक्टरकडे नेण्याची वेळ आलीय. एमडी सोडवायची एक ठरावीक गोळी नाही. झोप, जेवण, संशयावर औषध आणि मग समुपदेशन, असं चालतं. बंद केल्यावर पहिले काही आठवडे माणूस फार खचतो, मरणाचे विचार येतात, तेव्हा एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मनोविकार ओपीडीत न्या. त्याआधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. तू स्वतःसाठीसुद्धा फोन करू शकतेस.

नाव_नको

बाबा म्हणतात सरकारी दवाखान्यात फाईल झाली की पोलीस दारात येतील आणि त्याची नोकरी कायमची गेली.

नाशिकरोडचा_वकील

बाबांना हे वाचून दाखव. एनडीपीएसचं कलम ६४-अ: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. एमडीचं अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात दिलेला आहे, कंपनीला फाईल मागता येत नाही. तो पुड्या विकत असेल तर मात्र हे कलम वाचवणार नाही. त्याला नीट विचार, विकतो का. विकत असेल तर इथे लिहू नको, आधी एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेट.

नाव_नको

विचारते आज.